केमिकल की कॉम्प्युटर? ग्वाल्हेरच्या पालकांसाठी चार शब्द

बारावीचा निकाल लागला की बेळगाव-निपाणीकडून जो प्रश्न येतो, तोच यंदा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातूनही आला. "पोराला केमिकलला घालू की कॉम्प्युटरला?" बहुतेकांनी मनात उत्तर आधीच ठरवलेलं असतं, कॉम्प्युटर. केमिकल म्हणजे धूर, वास आणि रात्रपाळी. मला हे उत्तर घाईचं वाटतं.

आधी ग्वाल्हेरकडेच बघा. जिवाजीराव शिंदे यांनी 1957 साली उभी केलेली माधव तंत्रज्ञान संस्था याच शहरात आहे. तिथं केमिकल आणि कॉम्प्युटर दोन्ही शिकवतात. 1997 साली माहिती तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन एकत्र शिकवणारी केंद्राची संस्था आली, जिला आज अटलबिहारी वाजपेयींचं नाव आहे. रासायनिक आणि जैविक हल्ल्यांपासून संरक्षणावर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही इथलीच. आणि 'ग्रासिम' हे नाव मुळात ग्वालियर रेयॉनचं. त्यांचा लाकडाच्या लगद्यापासून धागा काढणारा नागद्याचा कारखाना 1954 पासूनचा. म्हणजे दोन्ही विद्या शहराला परक्या नाहीत.

आता गैरसमज. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे रसायनशास्त्राची मोठी प्रयोगशाळा नव्हे. परीक्षानळीत जे जमलं ते रोज टनावारी, परवडेल अशा खर्चात आणि कुणाचा जीव न घेता कसं करायचं, हा तो विषय. किती माल आत गेला, किती बाहेर आला, उष्णता कुठं गेली, याचा चोख हिशेब. तसंच कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स म्हणजे नुसतं कोडिंग नाही. दवाखाना, बँक, तहसील कचेरी यांचं काम समजून घ्यायचं आणि त्या कामाला साजेशी माहितीची व्यवस्था उभी करायची.

या दोन्ही विषयांत भाषेचा प्रश्न आहे, म्हणून आम्ही बोलतोय.

ग्वाल्हेरहून सुमारे 400 किलोमीटरवर भोपाळ. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, सुमारे 40 टन विषारी वायू सुटला, हजारो माणसं गेली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद होती. पण आणखी एक गोष्ट नोंदली गेली आहे. कारखान्यातली कामाची पुस्तकं इंग्रजीत होती आणि ती नीट समजणारे कामगार थोडेच होते. सूचना कामगाराला कळत नसेल तर ती भिंतीवर लावलेला कागदच की! हाताखालच्या माणसाला त्याच्या भाषेत धोका समजावून सांगणारा इंजिनिअर हवा. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी वापरणारी ग्वाल्हेरची मुलं यात दोन पावलं पुढं आहेत.

माहितीच्या बाजूचं उदाहरण साधं आहे. काळे, कुलकर्णी, फाळके या आडनावांपैकी कुलकर्णी हिंदी मुलखात सुखरूप राहतात. काळ्यांचे मात्र 'काले' होतात. युनिकोडमध्ये ळ आहे, कीबोर्डवर आहे, तरी टंकणाऱ्याचा हात ल वर जातो. मग गुणपत्रिकेवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं, आणि प्रवेशाच्या खिडकीपुढं पालक प्रतिज्ञापत्र घेऊन उभे. अशी नोंद आपोआप पकडणारी व्यवस्था कुणीतरी बांधायला हवी. ळ ज्याच्या घरात आहे त्यानंच ती बांधावी.

प्रवेशाचंही सांगतो. वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत 'ई' प्रकार आहे. केवळ मराठी म्हणून ग्वाल्हेरच्या मुलाला ती सवलत नाही. पण मुंबईच्या 1933 पासूनच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत काही जागा जेईईवर देशभरातून भरतात. आणि जेईई मेन 2021 पासून मराठीतही देता येते. मात्र प्रश्नपत्रिकेची भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते, हे विसरू नका.

तेव्हा पालकहो, शेजाऱ्याचा पोरगा कुठं गेला ते बघून फॉर्म भरू नका. पोराला विचारा, यंत्र कसं चालतं याचं कुतूहल आहे की कचेरी कशी चालते याचं? तो जे सांगेल तिकडं पाठवा. पण घरची भाषा सोबत बांधून द्या. दोन्हीकडं ती लागणार आहे.