बांध कोणाचा?

कुडाळ तालुक्यात डोंगरउतारावर बाग करणारास उन्हाळ्यात कलमांसाठी पाणी पाहिजे असते, व त्यासाठी तो वहाळास मातीचा बांध घालतो. ह्या उद्योगास आमचा विरोध नाही. शेजारच्या मालवण तालुक्यात नागेश देसाई नामक विजयनगरच्या मांडलिकाने १५३० साली बांधलेला धामापूरचा तलाव आजही पाणी धरून आहे. माती टिकते, परंतु ती राखणारा कोणी असेल तरच टिकते.

मातीचा बांध दगडी भिंतीप्रमाणे पाणी डोक्यावरून जाऊ देत नाही. सांडवा अरुंद ठेवला, किंवा मासे धरण्यासाठी त्यात जाळी लावून पाला साठू दिला, की एका रात्रीच्या पावसात पाणी माथ्यावरून वाहू लागते व बांध कापीत जाते. दुसरी वाट पोटातून. मेलेल्या झाडाचे मूळ कुजून, किंवा कुर्लीच्या बिळाने, आत पोकळी होते. पायथ्याशी झिरपणारे पाणी स्वच्छ आहे तोवर लक्ष ठेवावे, ते गढूळ झाले म्हणजे आतली माती वाहू लागली असे समजून खालच्या घरांतील माणसे प्रथम हलवावी. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले व वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली होती. तत्कालीन मंत्र्यांनी दोष दिला तो खेकड्यांना! खेकडे बिळे करणारच. ती बुजविणे कोणाचे काम होते, हा खरा प्रश्न.

तिवऱ्याचे धरण निदान सरकारी होते, जाब कोणास विचारावा हे तरी ठाऊक होते. खाजगी बांधाचे काय? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मालकावर पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणीचे बंधन घालतो. परंतु तो पंधरा मीटरांहून उंच धरणांस, आणि दहा ते पंधरा मीटरांमधील काही ठराविक धरणांसच लागू आहे. आमच्या वहाळावरचा चार मीटरांचा बांध त्यात कोठून येणार? मग सातबारा पाहावा, तर जमीन सामाईक. वीस नावे, त्यांतील काही मयत, वारसांची नोंद नाही, आणि हयात असलेले बहुतेक मुंबईस. पाणी घेताना प्रत्येक जण भागीदार असतो, पण मातीची भर घालण्याची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. आमच्या व्यापारी वाचकांपैकीही ज्यांनी बागा घेतल्या आहेत त्यांनी गडी ठेवला आहे. पण त्या गड्यास सांडवा मोकळा करण्याचा हुकूम कोणी दिला आहे काय?

इंग्लंडात एका गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले, तेव्हा त्याची स्वतःची हयगय नसतानाही नुकसान त्यानेच भरावे असा निवाडा १८६८ साली झाला. दुसऱ्याच्या डोक्यावर पाणी साठविणाराने ते आपल्या जबाबदारीवर साठवावे, हे तत्त्व आम्हांस न्याय्य वाटते. पण वाहून गेलेल्या पोरास निवाडा परत आणीत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील बांधांची वही करावी: बांध कोठे, उंची किती, खाली घरे किती, आणि सामाईक जमीन असल्यास भागीदारांपैकी गावात राहणारा जबाबदार कोण. ही वही १ मेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, कारण त्यानंतर पावसास जेमतेम महिना उरतो. ज्या बांधास कोणीच धनी पुढे येत नाही, त्याचे पाणी पावसापूर्वी सोडून द्यावे व सांडवा खणून खाली घ्यावा; खर्च मागाहून भागीदारांकडून वसूल करता येईल.