'बेबंद' गांवांचा कायदा

कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या खाणींचें गांव म्हटलें कीं चित्रपट पाहणाऱ्या वाचकाच्या डोळ्यांपुढें एक ठरीव देखावा उभा राहतो: धुळीचा रस्ता, झुलतें दार, आंत जुगाराचें मेज आणि कमरेचें पिस्तुल. (आपल्याकडे 'सलून' हा शब्द न्हाव्याच्या वाट्यास आला, तिकडे तें दारूच्या गुत्त्याचें नांव.) ह्या देखाव्याबरोबर एक सिद्धान्तहि आपल्या गळीं उतरविला जातो: तेथें कायदा नव्हता, जो तो आपल्या मनगटाच्या जोरावर जगे. हा सिद्धान्त खोटा आहे, आणि निरुपद्रवी तर मुळींच नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

२४ जानेवारी १८४८ रोजीं कोलोमा येथें सटरच्या लांकूडगिरणीच्या पाटांत जेम्स मार्शल ह्यास सोन्याचे कण दिसले. पहिलीं एक-दोन वर्षें धामधुमीचीं गेलीं, हें खरें. प्लासरव्हिल गांवास तेथील फांशांमुळें 'हँगटाउन' म्हणत, हेंहि खरें. परंतु एप्रिल १८५० मध्यें, म्हणजे कॅलिफोर्निया संघराज्यांत येण्यापूर्वींच पांच महिने, तेथील विधिमंडळानें दोन कायदे केले. ते ज्यानें वाचले, त्यानें पुन्हा 'बेबंदशाही' हा शब्द उच्चारून दाखवावा!

पहिला मूळ रहिवाशांच्या 'संरक्षणाचा'. नांव असेंच होतें. जो धट्टाकट्टा आदिवासी रिकामा भटकतांना अथवा दारू विकली जाते अशा जागीं वावरतांना आढळेल, त्यास कोणाहि नागरिकाच्या तक्रारीवरून पकडावें, आणि गुन्हा शाबीत झाल्यास चोवीस तासांच्या आंत जास्तींत जास्त बोली करणाऱ्यास चार महिन्यांपर्यंत मजुरीला द्यावें, असें त्यांत कलम होतें. आदिवासीस दारू विकण्याची मनाई त्याच कायद्यांत होती. म्हणजे गुत्ता हा गोऱ्यास विश्रांतिस्थान, आणि दुसऱ्यास सांपळा. मोकळेपणाची एवढी कीर्ति ज्या दाराची, त्याच दाराशीं माणसाचा लिलांव सुरू होई.

दुसरा कायदा परदेशी खाणवाल्यांवर दरमहा वीस डॉलर कर बसविण्याचा. सोनोरा हें गांवच मुळीं मेक्सिकोंतून आलेल्यांनीं वसविलेलें. कर लागतांच त्यांनीं निषेध केला, आणि मग हजारोंनीं काढता पाय घेतला. गिऱ्हाइक गेलें तशी व्यापाऱ्यांनीं ओरड केली, व १८५१ सालीं कर उठला. न्यायबुद्धि नव्हे, गल्ला! पुढच्याच वर्षीं तो तीन डॉलरांच्या रूपानें परत आला, आणि आतां त्याचा भार मुख्यतः चिनी मजुरांवर पडला. त्या मजुरांना न्यायालयांत किती किंमत होती, हें १८५४ सालीं दिसलें. लिंग सिंग ह्या चिनी खाणवाल्याच्या खुनाबद्दल जॉर्ज हॉल ह्यास झालेली शिक्षा वरिष्ठ न्यायालयानें रद्द केली. कारण साक्षीदार चिनी होते, आणि गोऱ्याविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाहीं, असें ठरलें.

१८४६ च्या सुमारास तेथील मूळ रहिवासी अदमासें दीड लक्ष होते. १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई होती, उपासमार होती. पण सरकारी खर्चानें निघालेल्या सशस्त्र टोळ्याहि होत्या, आणि त्यांचीं बिलें राज्यानें, पुढें पुष्कळशीं केंद्र सरकारनें भागविलीं. संपूर्ण नाश होईपर्यंत हें युद्ध चालेल अशी अपेक्षा ठेवावी, असें गव्हर्नर बर्नेट ह्यांनीं जानेवारी १८५१ मध्यें विधिमंडळास उघड सांगितलें होतें.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या चित्रपटांत कलमें कशाला शोधतां? करमणूक खुशाल करावी. परंतु सारा दोष 'त्या रानटी काळा'वर टाकला कीं मारणाऱ्याचें नांव पुसलें जातें. बेबंदशाहीवर कोणाची सही नसते. कायद्यावर असते, तारीखहि असते. जून २०१९ मध्यें गव्हर्नर न्यूसम ह्यांनीं राज्याच्या वतीनें मूळ रहिवाशांची क्षमा मागितली व ह्या प्रकारास वंशसंहार असें स्पष्ट म्हटलें. चित्रपटांतल्या गुत्त्याच्या झुलत्या दाराशीं मात्र तो बोली लावणारा उभा असलेला अद्याप आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.