लग्नाच्या डीव्हीडीला ऊन लावू नका

मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड काय किंवा शेजारचं कुठलंही गाव काय, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची डीव्हीडी बहुधा लोखंडी कपाटात, साड्यांखाली आडवी दबलेली सापडते. स्टुडिओवाल्याने भरून दिलेल्या अशा डिस्कमध्ये सगळं चित्रण रंगद्रव्याच्या पातळ थरावर असतं. ऊन आणि उष्णता त्या थराचे वैरी. बुलढाण्याच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ती ठेवूच नका. डबीत, उभी, आतल्या खोलीत ठेवा. पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ; गोल गोल कधीच नाही. नाव डबीवर लिहा, डिस्कवर बॉलपेन टेकवू नका. आजीचं चालणं-बोलणं कित्येक घरांत फक्त तिथेच उरलंय. डिस्क चालतेय तोवर तिची प्रत पेनड्राइव्हवर उतरवा आणि दुसरी लेकीच्या घरी ठेवा.