गटतट आणि चळवळ

हिंगोलीत आंबेडकर जयंतीची बैठक असो की गायरानाचा मोर्चा, एक वाक्य हमखास कानी येते: “गटातटांनी चळवळ संपवली. आधी एक व्हा, मग बोला.” हे वाक्य इतिहासाला धरून नाही. शिवाय ते मागणी टाळणाऱ्यांच्या पथ्यावर पडते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती हबशी गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. ते लोक एकदिलाचे होते का? मुळीच नाही. १८४० मध्ये त्यांची मुख्य संस्था दुभंगली. स्त्रियांना कार्यकारिणीत घ्यावे का, निवडणुका लढवाव्यात का, यावरून संस्थेचे नेते गॅरिसन आणि टॅपन बंधू वेगळे झाले. गॅरिसनने १८५४ मध्ये भरसभेत अमेरिकेची राज्यघटना जाळली. स्वतः गुलामीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस त्याआधीच त्याच घटनेच्या आधाराने लढू लागले होते. तरीही १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने गेली. वाटा वेगळ्या होत्या, पण गुलाम सुटलाच पाहिजे यावर कुणाचे दुमत नव्हते.

आपल्याकडेही तेच दिसते. १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोनच वर्षांत फुटला. त्याच १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातले भूमिहीन सत्याग्रहात उतरले. १९७२ ची दलित पँथर १९७४ मध्ये फुटली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, हा नामांतराचा लढा पेटला तो त्यानंतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. हिंगोली तेव्हा ज्या परभणी जिल्ह्यात होती, तोही होरपळला. त्यानंतर सोळा वर्षे अनेक संघटना आपापल्या झेंड्याखाली एकच मागणी करत राहिल्या. १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला लागले.

यावर आक्षेप येईल की पूर्ण नामांतर नव्हे, मिळाला तो नामविस्तार, तोही विद्यापीठाची वाटणी होऊन. खरे आहे. हिंगोलीची महाविद्यालये नांदेडच्या विद्यापीठाला जोडली गेली. इथल्या मुलाच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव येत नाही. ही सल मोठी आहे. पण ही तडजोड सरकारने विरोधकांची समजूत काढण्यासाठी केली. तिचे खापर गटांवर फोडणे अन्याय आहे.

मग फूट निर्दोष म्हणायची का? तसेही नाही. मार्गावरून फुटलेले दोन्ही गट काम करत राहतात, म्हणून काम वाढते. तिकीट, महामंडळ आणि खुर्ची यांवरून फुटले की मागणीच वाऱ्यावर जाते. नेत्याला प्रश्न विचारायचा तो इथे: वेगळे झाल्यावर तुम्ही कोणते काम उभे केले?

हिंगोलीत ही परीक्षा गायरानावर घ्यावी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या गायरान जमिनीची नोंद गाव नमुना १-ई मध्ये ‘अतिक्रमण’ म्हणून पडून राहते आणि सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव चढत नाही. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. एका गटाने सेनगाव-औंढ्यात गावोगाव कागद गोळा करावेत, दुसऱ्याने न्यायालयात जावे, तिसऱ्याने विधानसभेत आवाज उठवावा. एकीची वाट पाहत थांबायचे कारण नाही. कसणाऱ्याच्या नावावर जमीन, एवढ्या एका मागणीवर सगळ्यांच्या सह्या पुरेत.