विश्लेषण : आजोबांची ठासणीची बंदूक वारसाला ठेवता येते का? दुरुस्तीचे आणि बदलाचे नियम काय?

डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर आणि वाडीवाल्यांच्या जुन्या घरांत आजही एखादी ठासणीची बंदूक माळ्यावर किंवा भिंतीवर आढळते. परवाना आजोबांच्या नावावर, तोही ठाणे जिल्ह्याच्या शिक्क्याचा. आजोबा गेले, बंदूक राहिली. रानडुकरांनी भात लोळवला की घरातल्या तरुणाला ती आठवते आणि ‘जरा दुरुस्त करून घेऊ, जमलं तर काडतुसाची करून घेऊ’ असा विचार सुरू होतो. हा साधा वाटणारा विचार कायद्याच्या दृष्टीने थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकतो. ते का आणि योग्य मार्ग कोणता, याविषयी...

ठासणीची बंदूक म्हणजे नेमके काय?

या बंदुकीत काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, मग चिंधी किंवा बोळा आणि छर्रे घालून गजाने ठासायचे, मागे निपलवर टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी निपलच्या बारीक छिद्रातून आत जाते आणि बार उडतो. बोलीत अनेक जण तिला ‘रायफल’ म्हणतात. मात्र रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. शेतीसंरक्षणासाठी मिळालेल्या जुन्या बंदुका सहसा गुळगुळीत नळीच्या असतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण परवाना त्यावर लिहिलेल्या प्रकारालाच लागू होतो.

परवानाधारक वारल्यावर बंदूक कोणाची?

शेत, घर, बैल वारसाने मिळतात, तशी बंदूक आपोआप मिळत नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ३ नुसार परवाना व्यक्तीच्या नावावर असतो. ती व्यक्ती वारली की घरातल्या इतरांकडे ती बंदूक असणे बेकायदा ठरू शकते. कलम २१ नुसार अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केली म्हणजे ती गेली, असे नाही. वारसाला परवाना मिळाल्यावर ती परत घेता येते किंवा विहित मुदतीत विकण्याची मुभा मागता येते. पोलीस ठाण्याची पावती मात्र जपून ठेवावी लागते.

विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाढली आहे. किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद, शिवाय दंड. ‘आजोबांची आठवण म्हणून ठेवली होती’ हा बचाव त्यापुढे फारसा टिकत नाही.

वारसाच्या नावावर परवाना कसा होतो?

शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ खास वारसांसाठी आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. परवानाधारक हयात असतानाही मार्ग आहे. त्याचे वय ७० झाले असेल किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो आपला वारस सुचवू शकतो. घरातल्या वृद्ध परवानाधारकाने हे वेळेत केले तर पुढची बरीच धावपळ टळते.

अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, वारसांचे पुरावे, इतर वारसांची ना-हरकत, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण या गोष्टी लागतात. पोलिसांचा अहवाल मागवला जातो. एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. २०१९ पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारसाने आलेली बंदूकही याच मर्यादेत मोजली जाते. नव्या परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे.

पालघरमधील कुटुंबांसमोर आणखी एक अडचण येते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीचे परवाने ठाण्याच्या कार्यालयाचे आहेत. आता परवाना प्राधिकारी पालघरचे जिल्हाधिकारी आहेत. जुन्या परवान्याची नोंद राष्ट्रीय संगणकीय यादीत चढली आहे का आणि त्याला विशिष्ट ओळख क्रमांक मिळाला आहे का, हे आधी तपासावे लागते. हा क्रमांक नसलेला परवाना ग्राह्य धरला जात नाही.

बंदूक चालतच नाही, मग परवाना कशाला?

हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे. कलम ४५ मध्ये जुनाट, पुरातन किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण अट कडक आहे. ते शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, असे असले पाहिजे. निपल बुजले आहे, घोडा अडकतो किंवा दस्ता तडकला आहे, एवढ्याने सूट मिळत नाही, कारण हे दोष दुरुस्त होऊ शकतात. सूट लागू आहे की नाही हे घरच्यांनी परस्पर ठरवण्यात धोका आहे.

जुन्या बंदुकीत बिघाड कशामुळे होतात?

काळ्या दारूचा जळका थर हवेतील ओलावा ओढून घेतो. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात न पुसलेली नळी आतून गंजते. टोपी फुटते पण बार उडत नाही, याचे नेहमीचे कारण बुजलेले निपल किंवा सर्दावलेली दारू हे असते. मात्र त्याहून गंभीर दोष बाहेरून दिसत नाहीत. गंजाने पातळ झालेली नळी बार उडताना फुटते. घोड्याची कमान ढिली झाली तर चाप न ओढताही बंदूक उडू शकते. आधुनिक धूरविरहित दारू जुन्या नळीत भरली तर काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त दाब तयार होतो आणि हात, डोळा किंवा जीव जातो.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. माळ्यावरची बंदूक भरलेली असू शकते. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते. म्हणून चाप ओढून पाहणे, नळीत डोकावणे, सळईने आतले उकरणे किंवा नळी तापवणे यांपैकी काहीही करू नये. मुलांना दूर ठेवून पोलीस ठाण्याला कळवणे आणि ती परवानाधारक कारागिराकडून रिकामी करून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

दुरुस्ती कोण करू शकतो?

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावर परवानाधारकाने ती पुसणे, तेल लावणे ही निगा झाली. निपल बदलणे, कमान बसवणे, नळीवर काम करणे ही दुरुस्ती आहे. कलम ५ नुसार ती फक्त त्यासाठीचा परवाना असलेला कारागीरच करू शकतो. गावातला लोहार कितीही कसबी असला तरी त्याने हे काम केल्यास तो गुन्ह्यात अडकतो. अशा गुन्ह्याला २०१९ पासून किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. गरीब कारागिराला चार पैशांच्या कामासाठी कोणत्या संकटात ढकलत आहोत, याचा विचार बंदूक घेऊन जाणाऱ्यानेही करायला हवा.

तलासरीकरांना वापी, उंबरगाव आणि सिल्वासा पालघरपेक्षा सोयीचे वाटतात. परंतु परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे ते त्यावर लिहिलेले असते. फक्त जिल्ह्यापुरता वा राज्यापुरता परवाना असेल, तर अच्छाडच्या पुढे बंदूक नेणे हाच गुन्हा ठरतो. क्षेत्रात नेतानाही ती रिकामी, झाकलेली आणि सोबत मूळ परवाना असावा.

ठासणीची बंदूक काडतुसाची करता येते का?

घरच्या घरी नाही. नळी कापणे किंवा एका वर्गातील बंदूक दुसऱ्या वर्गात बदलणे यावर कलम ६ चे बंधन आहे. २०१९ च्या दुरुस्तीने वर्ग बदलण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. इथेही शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. शिवाय काळ्या दारूसाठी बनलेली नळी काडतुसाचा दाब सहन करेलच असे नाही.

तरीही कायद्याने दार पूर्ण बंद केलेले नाही. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान २० इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. म्हणजे बदल बंदुकीत करायचा नाही, परवान्यात करून घ्यायचा. अर्जासोबत सातबारा, पिकाच्या नुकसानीचे पंचनामे आणि वनखात्याकडील नोंदी जोडल्यास मागणीला आधार मिळतो. अर्ज नाकारला तर कारणे लेखी मागता येतात, काही अपवाद वगळता ती द्यावी लागतात. विभागीय आयुक्तांकडे अपीलही करता येते.

परवाना असला की रानडुक्कर मारता येते का?

नाही. बंदुकीचा परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानडुक्कर संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, एप्रिल २०२३ पासून, ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती नसताना बार काढला तर परवाना आणि शेतकरी दोन्ही अडचणीत येतात. गाव अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत असेल, तर कलम ३४ नुसार नव्या परवान्याला वनखात्याची पूर्वसंमतीही लागते. नुकसानीची तक्रार तातडीने वनखात्याकडे नोंदवली तर भरपाई मागता येते आणि पुढच्या अर्जाला पुरावाही तयार होतो.

आदिवासी भागाला वेगळी सवलत आहे का?

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडवा समाज आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. डहाणू, तलासरी अनुसूचित क्षेत्र असले तरी इथे शस्त्र कायदा नेहमीप्रमाणेच लागू आहे.

त्यामुळे घरात अशी बंदूक असेल, तर पहिला प्रश्न ‘चालते का’ हा नसून ‘कोणाच्या नावावर आहे’ हा असायला हवा. तिला हात न लावता परवाना शोधणे, पोलीस ठाण्यात कळवून जमा करणे, पावती घेणे आणि मग वारसाने अर्ज करणे हाच क्रम आहे. बंदूक नको असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकण्याचा पर्यायही खुला आहे. वेळ जाईल, पालघरच्या दोन-चार फेऱ्या होतील. पण आजोबांच्या बंदुकीपायी नातवावर गुन्हा दाखल होण्यापेक्षा त्या फेऱ्या परवडल्या.