उन्हात तडकणारी नळी आणि अवकाशातले प्लास्टिक

ठिबकची नळी काळीच का असते, या प्रश्नाचे उत्तर थेट अवकाशविज्ञानाच्या दाराशी नेते. प्लास्टिकच्या रेणूसाखळीतील कार्बन-कार्बन बंध तोडण्यास सुमारे साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. उन्हातील अतिनील किरणांत ती असते. नळीत मिसळलेली सुमारे अडीच टक्के काजळी हे किरण शोषून घेते. काजळी कमी पडली किंवा जुन्या प्लास्टिकची भेसळ झाली, की नळी अकाली तडकते.

पृथ्वीवर निदान ओझोनचे छत्र आहे. अवकाशात तेही नाही. शिवाय तेथे वेगवान इलेक्ट्रॉन व प्रोटॉन आहेत आणि उपग्रहांच्या खालच्या कक्षांत सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने आदळणारे ऑक्सिजनचे सुटे अणू आहेत. १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी अंतराळवीर फेब्रुवारी १९९७ मध्ये पोहोचले, तेव्हा तिच्या टेफ्लॉनच्या आवरणाला चिरा पडलेल्या दिसल्या. जे टेफ्लॉन तीव्र आम्लांना दाद देत नाही, ते किरणांपुढे हतबल ठरले. उलट, उपग्रहांवर सोनेरी दिसणारे पॉलिइमाइड किरणांना पुरून उरते. पण ऑक्सिजनचे अणू त्याला पोखरतात. तेव्हा प्लास्टिक टिकाऊ आहे का, एवढे विचारून भागत नाही; ते कशापुढे टिकाऊ आहे, हे विचारावे लागते.

हे संशोधन परक्या देशांतच झाले असेही नाही. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात मायक्रोट्रॉन यंत्रातून इलेक्ट्रॉनांचा मारा करून, तसेच ऑक्सिजन आयनांखाली पॉलिइमाइड ठेवून असे प्रयोग झाले. किरण साखळ्या तोडतात, तशा एकमेकींना जोडतातही. वीजतारांची वेष्टणे अशाच इलेक्ट्रॉन-माऱ्याने मजबूत केली जातात.

खानदेशाचा संबंध येतो तो येथे. जळगाव हे नळ्यांचे आणि प्लास्टिकच्या चटयांचे शहर. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे; तेथील पॅनेलांतही सौरघटांना धरून ठेवणारा थर पॉलिमरचाच असतो आणि तो पिवळा पडला की वीज घटते. रावेर-यावलचा केळी उत्पादक कर्ज काढून ठिबक बसवतो. नळी फुटली तर बाग वाळते. हप्ता मात्र चुकत नाही.

१९९० मध्ये स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठात पॉलिमर रसायनशास्त्र शिकवले जाते. उपग्रहाचे आवरण उड्डाणापूर्वी कृत्रिम किरणांखाली जुने करून पाहतात. तीच कसोटी शेतकऱ्याच्या नळीला, त्याला परवडेल अशा खर्चात आणि विक्रेत्यापासून स्वतंत्रपणे, लावता आली पाहिजे. उपग्रह एकदा सोडला की दुरुस्त करणे कठीण, म्हणून त्याची इतकी काळजी. कर्जात रुतलेल्या शेतकऱ्यालाही दुसरी संधी सहजी मिळत नाही.