राणीच्या नांवानें एक गाणें

संस्कृत नाटकाच्या शेवटीं भरतवाक्य येतें. राजानें धर्मानें पृथ्वी पाळावी, पर्जन्य वेळेवर पडावा, अशी त्यांत प्रार्थना असते. इंग्लंडचें राष्ट्रगीत त्याच जातीचें. आपल्याकडेहि मागील पिढ्यांनीं तें शाळेंत उभें राहून म्हटलेलें आहे. त्याच राष्ट्रगीताचें नांव घेऊन आशीर्वादाच्या जागीं धिक्कार करणारें एक गाणें १९७७ सालीं लंडनमध्यें निघालें. घरांतील तरुण मंडळींच्या तोंडीं ‘पंक’ हा शब्द येतो, त्याचा हा एक प्रमुख नमुना.

गाणें ‘गॉड सेव्ह द क्वीन’. म्हणणारे ‘सेक्स पिस्टल्स’. नांव लिहितांना लेखणी अडखळते, पण त्यांनीं स्वतःस तेंच घेतलें होतें. गायक जॉन लायडन हा २१ वर्षांचा, आयर्लंडहून आलेल्या श्रमजीवी आईबापांचा मुलगा. गाण्याचें पहिलें नांव ‘नो फ्यूचर’, म्हणजे ‘भविष्यच नाहीं’, असें होतें, आणि माझ्या मतें त्याचें खरें मर्म तेथेंच आहे. १९७६ सालीं ब्रिटनच्या सरकारवर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढें हात पसरण्याची पाळी आली होती. शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलांना काम मिळेना. पुढच्याच वर्षीं राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणास २५ वर्षें झालीं म्हणून रौप्यमहोत्सवाच्या पताका लागल्या. आपण हें गाणें महोत्सवासाठीं रचलें नव्हतें, असें त्या मंडळींचें म्हणणें. तें खरें असो. पण बेकार मुलाच्या दारावरून वाजंत्री गेली तर तो काय म्हणेल, हें ज्यानें वर्गांत आयुष्य काढलें आहे त्यास सांगावयास नको.

ए. अँड एम. कंपनीनें १० मार्च १९७७ रोजीं बकिंगहॅम राजवाड्याबाहेर त्यांच्याशीं करार केला आणि सहा दिवसांनीं मोडला. सुमारें २५,००० तबकड्या तयार होत्या. त्या नष्ट करविल्या. थोड्या वांचल्या, त्यांस आज हजारों पौंड देणारे शौकीन आहेत! अखेर व्हर्जिन कंपनीनें २७ मे रोजीं गाणें बाहेर काढलें. बी.बी.सी.नें तें वाजविण्याचें नाकारलें, खासगी केंद्रांवरहि तें लागेना, मोठमोठ्या दुकानांनीं तबकडी ठेविली नाहीं. तरी महोत्सवाच्या सुमारास तें विक्रीच्या अधिकृत यादींत दुसऱ्या स्थानीं पोंचलें. पहिलें स्थान मुद्दाम दडपलें, हा आरोप पुष्कळदां झाला. सिद्ध मात्र झालेला नाहीं. बंदी घालणाऱ्यांनींच त्याची दवंडी पिटली, एवढें निश्चित. ७ जून रोजीं या मंडळींनीं थेम्स नदींत ‘क्वीन एलिझाबेथ’ याच नांवाची नाव भाड्यानें घेऊन गायन केलें. पोलिसांनीं ती कांठास लावविली व कांहींजणांस धरलें. त्याच महिन्यांत लायडनवर रस्त्यांत सुऱ्यांनीं हल्ला झाला. राणीवरील भक्ति दाखविण्याचा हा मार्ग गाण्याहून सभ्य होता, असें कोण म्हणेल?

आपल्या साहित्यशास्त्रांत स्तुतीच्या मिषानें केलेल्या निंदेस व्याजस्तुति म्हणतात. या गाण्यास मी तिचें उत्तम उदाहरण म्हणणार नाहीं, कारण येथें मिष शीर्षकापुरतेंच. पुढें सारा उघड रौद्ररस. एका वृद्ध होत चाललेल्या स्त्रीविषयीं असे शब्द मला रुचत नाहींत. मुखपृष्ठ मात्र चतुर आहे: जेमी रीड यानें राणीच्या चित्रांतील डोळे व तोंड कात्रणांसारख्या अक्षरांच्या पट्ट्यांनीं झांकून टाकले. ती पाहत नाहीं, बोलत नाहीं. तक्रार तीच होती.

संच जानेवारी १९७८ मध्यें फुटला. गाणें राहिलें. २०१२ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनांत, खुद्द राणी आलेल्या समारंभांत, त्याचा तुकडा वाजविला गेला. २०२२ सालीं राज्यारोहणास ७० वर्षें झालीं तेव्हां तबकडी पुन्हां विक्रीस आली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत राणी निवर्तल्या, आणि लायडननें जाहीर श्रद्धांजलि वाहिली. तींतील शब्द मूळ राष्ट्रगीतांतून घेतलेले होते.